कार्बन नॅनोनलिका

कार्बन नॅनोनलिका (कार्बन नॅनोट्यूब) ही कार्बन या मूलद्रव्याच्या अणूंनी बनलेली अतिसूक्ष्म पोकळ नळी होय. तिचा व्यास साधारणतः एक ते काही दशक नॅनोमीटर असतो, लांबी मात्र व्यासाच्या हजारो ते लाखो पट असू शकते. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, हे लक्षात घेतल्यास या नळीच्या बारीकपणाची कल्पना येते. हिरा, ग्राफाइट आणि फुलरीन यांप्रमाणेच नॅनोनलिका हेही कार्बनचे एक अपरूप आहे. पोलादाहून अधिक बळकटी, तांब्याहून अधिक उष्णतावहन आणि रचनेनुसार बदलणारे विद्युतगुण एकाच पदार्थात आढळत असल्यामुळे १९९१ नंतर तिच्यावर जगभर संशोधन झाले. भारतात, विशेषतः मुंबईत, पूजेच्या कापरापासून अशा नलिका बनवण्याचे महत्त्वाचे काम झाले आहे.

नाव

‘नॅनो’ हा शब्द ग्रीक भाषेतील ‘खुजा’ या अर्थाच्या शब्दावरून आला असून मापनात तो एक अब्जांश, म्हणजे १,००,००,००,००० वा भाग दर्शवतो. त्यावरून मराठीत नॅनोतंत्रज्ञानास ‘अब्जांश तंत्रज्ञान’ असा प्रतिशब्द रूढ झाला. ‘अब्जांश नलिका’ हे रूपही काही लेखनात आढळते. जुन्या मराठी विज्ञानलेखनात कार्बनला ‘कर्ब’ किंवा ‘प्रांगार’ म्हणत. त्या धर्तीवर ‘कर्बनलिका’ हा सुटसुटीत शब्द घडवता आला असता, पण पाठ्यपुस्तकांनी ‘कार्बन’ स्वीकारल्याने तो मागे पडला.

रचना

ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू एकावर एक रचलेल्या पातळ थरांत असतात. प्रत्येक थरात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनांची जाळी असते व शेजारच्या दोन अणूंमधील अंतर ०.१४२ नॅनोमीटर असते. अशा एकाच सुट्या थराला ग्राफीन म्हणतात. चटई गुंडाळून सुरळी करावी तसा हा थर गुंडाळून कडा बेमालूम जोडल्या तर जी नळी होईल, ती नॅनोनलिका. प्रत्यक्षात कोणी थर गुंडाळत नाही. नळी अणूअणूने वाढत जाते, पण रचना समजण्यास ही कल्पना सोयीची आहे.

एकाच थराच्या नळीस एकभित्ती नॅनोनलिका म्हणतात. एकात एक बसवलेल्या अनेक नळ्यांची मिळून बहुभित्ती नॅनोनलिका होते व तिच्या लगतच्या भिंतींमध्ये सुमारे ०.३४ नॅनोमीटर अंतर असते. ग्राफाइटच्या दोन थरांमधील अंतरही जवळजवळ तेवढेच आहे.

सुरळी कोणत्या दिशेने वळवली, यावर नळीचा स्वभाव ठरतो. चौकडीचे कापड सरळ गुंडाळले तर रेषा जुळून येतात, तिरपे गुंडाळले तर त्या नळीभोवती मळसूत्रासारख्या फिरतात. तसेच येथेही घडते. ही दिशा (न, म) अशा दोन पूर्णांकांच्या जोडीने दाखवतात. दोन्ही अंक समान असतील तर नलिका धातूप्रमाणे वीज वाहते. त्यांच्यातील फरकास तीनने पूर्ण भाग जात असेल तर ती जवळपास धातूसारखी असते. अन्यथा ती सिलिकॉनसारखी अर्धवाहक होते. त्यामुळे दिशा निवडण्याचा कोणताही उपाय न करता तयार केलेल्या एकभित्ती नलिकांत सुमारे एक तृतीयांश धातुवत् आणि दोन तृतीयांश अर्धवाहक असतात. मूलद्रव्य तेच, अणूंमधील बंधही तेच, आणि केवळ वळणाच्या कोनामुळे वाहकता बदलते, ही बाब रसायनशास्त्रात विरळ आहे. नलिकांपासून संगणकाची चकती बनवणाऱ्यांची मोठी अडचणही याच मिश्रणातून उद्भवते.

इतिहास

नॅनोनलिकांच्या शोधाचे श्रेय सामान्यतः जपानी भौतिकशास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांना दिले जाते. त्सुकुबा येथील एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना बहुभित्ती नलिका दिसल्या आणि १९९१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला. १९९३ मध्ये इजिमा व इचिहाशी यांनी, तसेच स्वतंत्रपणे आयबीएमच्या गटाने, एकभित्ती नलिकांचे वर्णन केले.

तथापि ‘शोध’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. रादुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५२ मध्येच पोकळ कार्बन तंतूंची सूक्ष्मदर्शक चित्रे रशियन नियतकालिकात छापली होती. भाषेमुळे व शीतयुद्धामुळे ती पश्चिमेत फारशी पोहोचली नाहीत. १९७६ मध्ये ओबेर्लिन, एंडो आणि कोयामा यांनीही अशा नळ्या दाखवल्या. १९९१ च्या लेखाचे वेगळेपण असे की, तोपर्यंत फुलरीनच्या शोधामुळे (१९८५, नोबेल पारितोषिक १९९६) कार्बनच्या नव्या रूपांकडे पाहण्याची वैज्ञानिकांची दृष्टी तयार झाली होती. त्या चित्रांचा अर्थ लावणारे वाचक १९५२ मध्ये नव्हते, १९९१ मध्ये होते.

याहून जुना धागा दक्षिण भारताशी जोडला जातो. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील पीटर पाउफ्लर व सहकाऱ्यांनी सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीच्या पोलादात बहुभित्ती नलिकांसारख्या रचना आढळल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध केले. अशा तलवारी भारतातून निर्यात होणाऱ्या ‘वुट्झ’ पोलादाच्या गोळ्यांपासून घडवल्या जात. या पोलादाचे एक नामांकित केंद्र म्हणजे तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम. तेथे इराणी व्यापारी खरेदीस येत असल्याच्या नोंदी आहेत. हिंगोलीसह मराठवाडा आणि निजामाबाद हे दोन्ही प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. मूस बंद करताना लोहार लोखंडासोबत लाकूड व पाने घालत. त्या कार्बनापासून लोखंडातील अल्प अशुद्धींच्या साहाय्याने नलिका तयार झाल्या असाव्यात, असा तर्क मांडला गेला. तो सर्वमान्य नाही. त्यावरून ‘प्राचीन भारतीयांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते’ असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. कारागिरांना उत्तम पोलाद कसे करावे ते ठाऊक होते. त्यात नळ्या आहेत हे ठाऊक असण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते.

निर्मिती

इजिमा यांनी पाहिलेल्या नलिका विद्युत् प्रज्योतीच्या पद्धतीने तयार झाल्या होत्या. या पद्धतीत हेलियमसारख्या निष्क्रिय वायूत दोन ग्राफाइट कांड्यांमध्ये मोठा विद्युतप्रवाह सोडतात. कांडीतील कार्बनची वाफ होते आणि थंड होताना तिचा काही भाग नलिकांच्या रूपात जमतो. १९९५ मध्ये रिचर्ड स्मॉली यांच्या गटाने लेसर किरणाने ग्राफाइट उडवण्याची पद्धत आणली. दोन्ही पद्धतींनी नलिका चांगल्या मिळतात, पण थोड्या व महाग.

आज बहुतेक उत्पादन रासायनिक बाष्प निक्षेपण या पद्धतीने होते. भट्टीतील नळीत लोह, कोबाल्ट किंवा निकेल यांचे नॅनोमीटर आकाराचे कण ठेवतात व त्यांवरून कार्बनयुक्त वायू नेतात. तापलेल्या कणावर वायूचे रेणू तुटतात, कार्बन कणात विरघळतो आणि कण तृप्त झाला की तो नळीच्या रूपात बाहेर पडू लागतो. शेवया सोऱ्यातून निघतात तशी नळी कणातून निघते. फरक इतकाच की येथे पीठ वायूच्या रूपात येते. कण जेवढा लहान, नळी साधारणतः तेवढी बारीक. हवेतील ऑक्सिजन आत शिरला तर कार्बन जळून जातो, म्हणून भट्टीत नायट्रोजन किंवा आरगॉन वाहता ठेवावा लागतो.

कापरापासून नॅनोनलिका

भट्टीत नेण्यासाठी बहुधा मिथेन, इथिलिन, ॲसिटिलिन किंवा बेंझिन असे पेट्रोलियमजन्य पदार्थ वापरतात. मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी मुंबई) रसायनशास्त्राचे प्राध्यापक महेश्वर शेरॉन यांनी वनस्पतिजन्य पदार्थांचा मार्ग धरला. त्यांच्या गटाने कापरापासून फुलरीन तयार केल्याचा शोधनिबंध १९९४ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात आला व पुढे त्याच कच्च्या मालापासून नलिकाही बनवण्यात आल्या. जपानमधील नागोया येथील मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी ही पद्धत विकसित करून २००३ च्या सुमारास कापरापासून एकभित्ती व बहुभित्ती अशा दोन्ही नलिका मिळाल्याचे दाखवले.

कापराची निवड योगायोगाने झालेली नाही. त्याच्या रेणूत १० कार्बन, १६ हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन अणू असतो. कार्बनचे प्रमाण भरपूर आहे. कापूर घन असल्याने साठवायला वायूइतका अडचणीचा नाही, आणि थोड्या उष्णतेने थेट वाफ होत असल्याने भट्टीत नेणेही सोपे. कापूर आणि फेरोसीन हे लोहयुक्त संयुग नळीच्या एका टोकाला तापवून वाफ करतात. ही वाफ निष्क्रिय वायूसोबत ९०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या भागात जाते आणि तेथे काळ्या थराच्या रूपात नलिका जमतात. झिओलाइटवर लोह-कोबाल्टचे कण बसवून त्याहून कमी तापमानातही त्या वाढवता येतात. रेणूतील एकुलता ऑक्सिजन अणू नलिकांबरोबर तयार होणारा वेडावाकडा कार्बन जाळून टाकण्यास मदत करतो व म्हणून उत्पादन अधिक शुद्ध मिळते, असे कुमार व आंदो यांचे प्रतिपादन आहे.

यासंबंधी एक गैरसमज वारंवार आढळतो. आरतीच्या तबकात कापूर जाळल्यावर वर धरलेल्या वाटीला लागणारी काजळी म्हणजेच नॅनोनलिका, असे शालेय प्रकल्पांत व समाजमाध्यमांवर सांगितले जाते. उघड्या हवेत जळणाऱ्या कापराचा बराचसा कार्बन वायूरूपाने निघून जातो आणि उरलेली काजळी मुख्यतः अव्यवस्थित कार्बनच्या गोलसर कणांची असते. काही ज्वालांच्या काजळीत बहुभित्ती नलिका अल्प प्रमाणात सापडल्या आहेत हे खरे. परंतु इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय त्या ओळखता येत नाहीत आणि वेगळ्या काढता येत नाहीत. उत्प्रेरक कण, ऑक्सिजनचा अभाव आणि नियंत्रित तापमान या तीन गोष्टी जुळून आल्याशिवाय उपयोगी प्रमाणात नलिका मिळत नाहीत. बाजारात मिळणारा बहुतेक कापूर आता झाडाच्या लाकडापासून नव्हे, तर टर्पेंटाइनपासून कृत्रिमरीत्या तयार केलेला असतो. नलिकांच्या निर्मितीच्या दृष्टीने त्याने फरक पडत नाही, कारण रेणू तोच असतो. मात्र ‘वनस्पतिजन्य’ या विशेषणाचा अर्थ ‘चीडाच्या राळेतून आलेला’ असा घ्यावा लागतो.

गुणधर्म

नॅनोनलिकेची ताठरता (यंगचा गुणांक) सुमारे १,००० गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या पाचपट आहे. २००० मध्ये बहुभित्ती नलिकांच्या बाहेरच्या भिंती ओढून तोडण्याचा प्रयोग झाला, तेव्हा ११ ते ६३ गिगापास्कल इतका ताण त्यांनी सोसला. उत्तम प्रतीच्या पोलादी तारा दोन-तीन गिगापास्कलच्या आसपास तुटतात. शिवाय नलिकांची घनता पोलादाच्या सुमारे एक षष्ठांश. या आकड्यांवरून पृथ्वीपासून अंतराळापर्यंत दोर ताणून त्यावर पाळणा चढवण्याच्या कल्पनेला पुन्हा उधाण आले होते. परंतु वरील मापे एकेका सुट्या नलिकेची आहेत. असंख्य नलिका पिळून दोर केला की त्या एकमेकींवरून घसरतात आणि दोराची बळकटी पुष्कळच कमी भरते. सुताच्या दोरीत धागे धरून ठेवणारा पीळ येथे पुरेसा पडत नाही. चीनमधील त्सिंगहुआ विद्यापीठात २०१३ मध्ये अर्ध्या मीटरहून लांब सलग नलिका वाढवण्यात आली, हा या दिशेचा मोठा टप्पा होय.

नळीच्या लांबीच्या दिशेने उष्णता वाहण्याची क्षमता तांब्याच्या कित्येक पट आहे. आडव्या दिशेने मात्र ती अगदी कमी.

उपयोग

नॅनोनलिकांची गाजलेली भाकिते आणि त्यांचा प्रत्यक्ष खप यांत अंतर आहे. आज सर्वाधिक खप लिथियम-आयन बॅटऱ्यांसाठी होतो. बॅटरीच्या धन अग्रावरील रसायन स्वतः विजेचे चांगले वाहक नसल्याने त्यात वाहक कार्बन मिसळावा लागतो. पूर्वी त्यासाठी कार्बन ब्लॅक वापरत. त्याचे कण गोल असल्याने सलग वाट तयार होण्यास ते जास्त लागतात. नलिका लांब असल्याने थोड्याच मात्रेत जाळे तयार करतात आणि वाचलेल्या जागेत ऊर्जा साठवणारे रसायन अधिक मावते. विद्युत दुचाकी व मोबाइल यांच्या काही बॅटऱ्यांमध्ये त्या अशा प्रकारे कोणाच्या लक्षात न येता पोहोचल्या आहेत.

दुसरा मोठा उपयोग प्लास्टिक व राळेत मिसळण्याचा. अल्प प्रमाणात नलिका घातल्या की प्लास्टिक वीज वाहू लागते व त्यावर स्थिर विद्युत साचत नाही. म्हणून मोटारींच्या इंधननळ्या आणि इलेक्ट्रॉनिक सुटे भाग ठेवण्याचे खोके यांत हे मिश्रण वापरतात. खेळाचे साहित्य व पवनचक्कीची पाती यांतही मजबुतीसाठी त्या मिसळल्या गेल्या आहेत.

इलेक्ट्रॉनिकीत १९९८ मध्ये सामान्य तापमानाला चालणारा एका नलिकेचा ट्रान्झिस्टर तयार झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१३ मध्ये १७८ ट्रान्झिस्टरांचा साधा संगणक आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये १४,००० हून अधिक ट्रान्झिस्टरांचा सूक्ष्मप्रक्रियक बनवला. सिलिकॉनवरील अब्जावधी ट्रान्झिस्टरांच्या तुलनेत ही सुरुवातच म्हणावी लागेल, आणि अडचण पुन्हा धातुवत् नलिका वेचून काढण्याचीच आहे.

भारतातील दोन प्रयोग विशेष उल्लेखनीय आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अजय सूद व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की, नलिकांच्या जुडीवरून द्रव वाहिल्यास विद्युतदाब निर्माण होतो व त्यावरून प्रवाहाचा वेग मोजता येतो. बनारस हिंदू विद्यापीठातील ओंकारनाथ श्रीवास्तव यांच्या गटाने पुलिकेल अजयन यांच्यासह २००४ मध्ये नलिकांच्या भिंतीची पोकळ गाळणी तयार केली. तिने पाण्यातील ई. कोलाय जिवाणू आणि पोलिओचे विषाणू अडवले, आणि तापवून ती पुन्हा वापरताही येत होती.

औषधे पेशींपर्यंत नेण्यासाठीही नलिकांचा विचार होतो. हळदीतील कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते शरीरात पुरेसे शोषले जात नाही. हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालेले असल्याने या द्रव्याच्या नॅनोवाहकांविषयी त्या भागात कुतूहल आढळते. नलिका हा अशा अनेक वाहकांपैकी एक असून काम प्रयोगशाळेच्या पातळीवर आहे.

काळा लेप आणि गुरुत्वीय लहरी

उभ्या वाढवलेल्या नलिकांचे दाट ‘गवत’ त्यावर पडणारा प्रकाश अडकवून ठेवते. किरण दोन काड्यांमध्ये शिरतो, इकडून तिकडे आपटत खोल जातो आणि शोषला जातो. ब्रिटनमध्ये २०१४ साली जाहीर झालेला ‘व्हँटाब्लॅक’ लेप ९९.९६५ टक्के प्रकाश शोषतो. दुर्बिणीत इतस्ततः विखुरणारा प्रकाश निरीक्षण बिघडवतो, म्हणून असा लेप तेथे मोलाचा ठरतो.

गुरुत्वीय लहरींच्या शोधकांत विखुरलेला प्रकाश विशेष त्रासदायक असतो, कारण तेथे प्रोटॉनच्या व्यासाहूनही लहान हालचाल लेसरने मोजायची असते. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या गोडार्ड केंद्रात अंतराळातील नियोजित शोधकाच्या दुर्बिणीसाठी नॅनोनलिकांच्या लेपावर काम झाले आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पातही, अमेरिकेतील दोन शोधकांप्रमाणे, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात भुजा असतील. या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चाची अंतिम मंजुरी दिली. लायगोच्या नळ्यांत विखुरलेला प्रकाश अडवण्यासाठी पोलादी अडथळे बसवण्याची पद्धत आहे. नलिकांचा लेप हा त्याच प्रश्नावरचा दुसरा उपाय.

हायड्रोजन साठवण

१९९७ मध्ये ‘नेचर’मधील एका लेखाने नॅनोनलिका आपल्या वजनाच्या ५ ते १० टक्के हायड्रोजन धरून ठेवू शकतील असा अंदाज दिला आणि हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीची टाकी दृष्टिपथात आल्यासारखे वाटले. पुढील वर्षांत काटेकोर मोजमापे झाली तेव्हा सामान्य तापमानाला हे प्रमाण बहुधा एक टक्क्याच्याही आत भरले. आधीच्या मोठ्या आकड्यांमागे नमुन्यातील धातूचे अवशेष व मापनातील दोष असल्याचे दिसून आले. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २००६ मध्ये मोटारींसाठी शुद्ध एकभित्ती नलिकांवरील हे काम थांबवले.

याच काळात महेश्वर शेरॉन आणि मधुरी शेरॉन यांनी ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे तेलबिया, कापूस, उसाचे चिपाड, नारळाचा काथ्या अशा पदार्थांच्या कोळशात हायड्रोजन किती मावतो याचा अभ्यास केला. त्यांचा भर नलिकांवर नव्हता, वनस्पतींच्या तंतूंत मुळातच असलेली पोकळ रचना कोळसा होताना टिकते या गोष्टीवर होता. कापूस व सोयाबीन पिकवणाऱ्या मराठवाड्यात शेतात उरणाऱ्या काड्यांचा प्रश्न मोठा असल्याने हे संशोधन या भागाच्या दृष्टीने अधिक लक्ष देण्याजोगे आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत के. विजयमोहनन पिल्लै यांच्या गटाने आयआयटी मुंबईच्या सहकार्याने बहुभित्ती नलिका विद्युतरासायनिक पद्धतीने उभ्या चिरून ग्राफीनच्या अरुंद पट्ट्या मिळवल्या (२०११). शेंग उकलावी तशी नळी उकलते.

आरोग्यावरील परिणाम

लांब, ताठ व शरीरात न विरघळणारे तंतू श्वासावाटे आत गेल्यास काय होते, याचा कटू अनुभव जगाने ॲस्बेस्टॉसच्या रूपाने घेतला आहे. फुप्फुसातील भक्षक पेशी असा तंतू पूर्ण गिळू शकत नाहीत आणि दाह चालू राहतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लांब बहुभित्ती नलिका उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्यावर ॲस्बेस्टॉससारखाच परिणाम दिसला. आखूड किंवा गुंतवळ झालेल्या नलिकांनी तसे केले नाही. म्हणजे धोका ‘नॅनो’ असण्यात नसून लांबी व ताठरपणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एका विशिष्ट लांब-ताठ प्रकारास ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवले. इतर प्रकारांबाबत वर्गीकरणास पुरेसा पुरावा नसल्याचे नमूद केले.

झळ प्रामुख्याने कोणाला बसू शकते, हे स्पष्ट आहे. बॅटरी किंवा प्लास्टिकमध्ये बंदिस्त झालेली नलिका वापरणाऱ्यास सहसा त्रास देत नाही. कोरडी भुकटी पोत्यातून ओतणारा, भट्टी खरवडणारा, तयार वस्तू कापणारा-घासणारा आणि जुन्या बॅटऱ्या फोडणारा कामगार तिच्या थेट संपर्कात येतो. अमेरिकेच्या व्यवसाय-सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये आठ तासांच्या कामासाठी हवेत प्रति घनमीटर एक मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. साध्या कापडी फडक्याने ही भुकटी अडत नाही. तिच्यासाठी बंद पेटीत काम, हवा ओढून घेणारी यंत्रणा, सूक्ष्मकणांसाठीचा मुखपट्टा आणि झाडूऐवजी ओल्या फडक्याने सफाई अशी व्यवस्था सांगितली आहे.